चाळीस सेकंदांचं विमान

भिकूभाऊ,

तुमचं तेरावं होऊन आज सहा दिवस झाले. गुरुवारी वाचनालयाचे चिटणीस शाळेत आले होते. वीजघराच्या क्वार्टर्सच्या हस्तलिखित अंकासाठी तुमच्यावर दोन पानं हवीत म्हणाले. "जन्म, नोकरी वगैरे मी घालतो, मास्तर. तुम्ही विमानाचं लिहा. चाळीस सेकंदांचं विमान! जरा हलकंफुलकं असू द्या. लोकांनी वाचून हसलं पाहिजे. भिकूही तसा गमतीचाच माणूस होता."

मी हो म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच हो म्हणतो. फळ्यावर लिहितो, मुलं उतरवून घेतात, घंटा होते. शुक्रवारी एकाच वर्गाला एकच धडा दोनदा शिकवला, आणि वर्गातलं कुणी ते मला बोललं नाही.

पण ते हलकंफुलकं मला लिहिता येत नाही. विमानाचं इंजिन चाळीस सेकंदांनी का बंद पडायचं, ते आता मला ठाऊक आहे. भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये लोक म्हणतात, वीजघरातला एवढा हुशार फिटर, पण मुठीएवढ्या इंजिनापुढे हरला. अंकात तसंच गेलं तर तुमच्याबद्दल तेवढंच लिहिलेलं राहील. म्हणून जे झालं ते आधी तुम्हाला लिहितो. लोकांनी तुमच्या मागून वाचावं.

तुम्ही पहिल्यांदा शाळेत आलात तेव्हा मधली सुट्टी होती. दाराबाहेर वहाणा काढून तुम्ही विचारलंत, "बीएस्सी झाल्येले मास्तर कोन?" मी म्हटलं, मी. तुम्ही फडक्याची गाठ सोडून ते इंजिन माझ्या टेबलावर ठेवलंत, हजेरीच्या वहीवरच. दुसरं महायुद्ध संपल्यावर मुंबईच्या जुन्या बाजारात लष्करी सामानाच्या ढिगात तुम्हाला ते सापडलं होतं. सोबत एक मुखपृष्ठ फाटलेलं इंग्रजी मासिक होतं.

"खेळन्यातलं नाय, मास्तर. आत समदं मोठ्या इंजिनावानी हाय. ह्या कागदात त्याचं लिवलंय. चित्रं मला कळत्यात. अक्षरं तेवढी तुमी सांगा."

त्या दिवसाचं माझं तुम्हाला कधी सांगितलं नाही. आमच्या लोधिवलीत माझ्या आधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. पदवीचा कागद माझ्या वडिलांनी, बापूंनी, जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवला होता. लोक माझ्याकडे पत्रं वाचून घ्यायला येत, अर्ज लिहून घ्यायला येत. एक जण तर पोट फुगलेली म्हैस घेऊन आला होता. "बीएस्सी म्हंजी डाक्टरच की रं!" मी शिकलेलं जे काही होतं ते कुणाला कशाला हवं असेल, हे मला पदवीनंतर दहा महिने समजलेलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "ह्ये सुरू व्हतं आन् बंद पडतं. का पडत आसंल?" माझ्या पदवीला तो पहिला खरा प्रश्न होता. त्या उपकाराची जाणीव मला आज आहे, तशी तेव्हाही होती. बोललो मात्र कधीच नाही.

मासिकात एक फोटो होता. कुरणात एक माणूस हातात पेटी घेऊन उभा आहे, आणि वर विमान वळतंय. तार नाही, दोरी नाही. मी सांगितलं, हे बिनतारी लहरींनी वळतं. तुम्ही फोटो उलटा करून पाठीमागेही पाहिलंत. मग दोघांनी ठरवलं की आपलंही असंच वळवायचं. रेडिओच्या परवान्यासाठी सरकारला इंग्रजीत अर्ज करायला मी कागद पुढे ओढलासुद्धा. तुम्ही माझा हात धरलात.

"थांबा, मास्तर. वाटंत बसनाऱ्या बैलाला कासरा कशाला? आदी बैल तर चालू दे."

त्या दिवसापासून कामाचा क्रम ठरला. आधी न थांबणारं इंजिन, मग रेडिओ. तुम्ही जमवलेले रेडिओचे दिवे, म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह, कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात राहिले ते राहिलेच.

विमान तुम्ही एकट्याने बांधलंत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, बांबूच्या कामट्या, वरून पतंगाचा कागद. मी फक्त वाचून दाखवलं. आणि तेल सुचवलं.

त्या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नव्हती. पेट्रोलातच जाड तेल मिसळावं लागे. वीजघराच्या कारखान्यात तेलाची पिंपं होती, पण तुम्ही कानाला हात लावलात. कारखान्यातलं चिंधीभर फडकं तुम्ही कधी घरी नेलं नव्हतं. तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "एरंडेल वापरू. पहिल्या महायुद्धात विमानं एरंडेलावरच उडत होती. मी कॉलेजात वाचलंय. आणि माझी आई घरीच काढते."

पुढच्या शनिवारी आईकडे मागितलं. तिने पदराने बाटली पुसून दिली. "माझं त्याल? विमानात?" असं तीनदा विचारलं. आधी मला, मग शेजारणीला, मग पुन्हा मला. तुम्हाला बाटली दिली तेव्हा तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत.

पाटावर बसवलं की इंजिन छान चालायचं. तुमच्या ओट्यावर ते सुरू झालं की शेजारची भांडी वाजायची. पण रविवारी क्वार्टर्सपलीकडच्या कापणी झालेल्या शेतात नेऊन हवेत सोडलं, की विमान नाक वर करून चढायचं, पिंपळाच्या उंचीपर्यंत जायचं आणि फट् फट् करून गप्प व्हायचं. मग वाऱ्यावर तरंगत कुठल्यातरी बांधावर येऊन पडायचं. कधी तीस सेकंद, कधी अडतीस. चाळीसच्या पुढे एकदाही नाही.

तुमचं म्हणणं, दोष ठिणगीचा. हादऱ्याने तार सैल होते. माझं म्हणणं, दोष टाकीच्या जागेचा. नाक वर झालं की पेट्रोलला चढ चढावा लागतो. एकदा तुम्ही इंजिन चालू असताना विमान हातात घेऊन नाक वर केलंत, आणि अर्ध्या मिनिटात ते बंद पडलं. मी टाळी वाजवली. "बघा! टाकीच!" तुम्ही टाकी पुढे सरकवलीत. मग वर घेतलीत. मग पुन्हा पुढे. दर वेळी सांगाडा कापायचा, सांधायचा, कागद चिकटवायचा. एकाने काम भागेना. मग माझं ऐकून झाल्यावर तुमचं. तारांना नवा डाख दिला, कंडेन्सर बदललं. पण एका रविवारी एकच. तुमचा नियम होता तो. "दोन गोष्टी एकदम बदलल्या तर खरं कोन बोल्लं त्ये कळत नाय, मास्तर."

बदलायच्या गोष्टींची यादी तुम्ही वहीत केली होती. एकदा शिसपेन्सिल हातात धरून तुम्ही हळूच विचारलंत, "त्येलाचं काय म्हनता? लिवू का?"

मी म्हणालो, "तेलाचा प्रश्नच येत नाही, भिकूभाऊ. ते शास्त्राने सिद्ध झालेलं आहे."

तुम्ही लिहिलं नाहीत. मी एवढं शास्त्र शिकलो आणि यादीतला एक प्रश्न तपासायच्या आधीच काढून टाकला. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेले, आणि तो तुम्हाला सुचला होता.

मग तो रविवार. तो आला नसता तर आज मला हे एवढं लिहावं लागलं नसतं. तोवर तीन महिने होत आले होते आणि क्वार्टर्समध्ये तुमच्या विमानाची जत्रा झाली होती. माणसं चहा पिऊन शेताच्या बांधावर येऊन बसत. गोविंद वायरमन मोजायला लागला की सगळे त्याच्यामागून मोजत. एकवीस, बावीस, तेवीस. त्या दिवशी अडतीसला आवाज अडखळला, आणि बांधावरून सगळे एका सुरात ओरडले, "चाळीऽऽस!" विमान पडलं.

"भिकूभाऊ, दमलं वो तुमचं पाखरू!" गोविंद म्हणाला. "उतरवून जरा पानी पाजा त्याला!"

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला मात्र तोंड दाखवायला जागा राहिली नाही असं वाटलं, कारण बांधावर आमच्या शाळेचे हेडमास्तरही होते. त्या भरात मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भिकूभाऊ, यात नुसता पाना फिरवून चालत नाही. थोडं शास्त्र लागतं."

तुम्ही खाली बसून फडक्याने इंजिन पुसत होतात. हात थांबला नाही. "बरं, मास्तर," एवढंच म्हणालात.

पुढच्या रविवारी मी वह्या तपासायच्या आहेत असं सांगून आलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात कळलं की तुम्ही तापाने पडला आहात. भेटायला आलो तेव्हा तुमचे डोळे खोल गेले होते. मला पाहून तुम्ही म्हणालात, "नाक वर धरलं तरी बी चालतंय आता, मास्तर. येत्या रविवारी या." मला वाटलं, तापात बोलताय. "बरं, पडून राहा," म्हणालो आणि चादर नीट केली. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाचं तुमच्याशी शेवटचं बोलणं हे.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. विमान पाळण्याच्या दोरीला टांगलेलं होतं. इंजिन, वही आणि अर्धी भरलेली तेलाची बाटली त्यांनी एका टोपलीत घालून पुढे केली.

"ह्ये तुमीच न्या. मला त्यातलं काय कळत नाय."

मी बाटली उचलली. तेल नितळ होतं. आमच्या घरचं एरंडेल नेहमी जरा गढूळ असतं. मी विचारलं, हे तेल कुठलं?

"तुमच्या आईचंच की," वहिनी म्हणाल्या. "मी पुन्यांदा कढवलं. त्येंनीच सांगितलं. त्यात पानी हाय म्हनं. चुलीवर ठिवून तडतड थांबंस्तोवर कढव म्हनले."

"मला का नाही सांगितलं?"

वहिनी म्हणाल्या, "मी बी तेच म्हनलं. मास्तरला सांगा, दुसरं त्याल आना. तर माझ्यावरच डाफरले. म्हनले, त्येच्या आईचं हाय त्ये. म्हातारीला वाईट वाटंल. ह्याच त्येलावर उडवायचं, आन् मास्तरच्या तोंडावर काय बोलायचं नाय."

घरी येऊन वही उघडली. त्या रविवारनंतरची पानं होती. टाकी खोलली, मागच्या कोपऱ्यात पाणी. पेट्रोलची बाटली तपासली, पाणी नाही. तेल काचेच्या नळीत उभं ठेवलं, दोन दिवसांनी तळाला पाणी. एकेक गोष्ट, एकेक ओळ. आमच्याकडे एरंड्या भाजतात, कांडतात आणि पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढून घेतात. थोडं पाणी त्यात राहतंच. पोटात घ्यायला, दिव्यात घालायला त्याने काही बिघडत नाही. इथे ते टाकीच्या तळाशी बसायचं. विमान सपाट असलं तर निवांत पडून राहायचं. नाक वर झालं की घसरून मागच्या कोपऱ्यात यायचं, आणि पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड नेमकं तिथेच. थेंबभर पाणी गेलं की इंजिन गप्प. टाकी कुठेही बसवली तरी मागचा कोपरा तिच्याबरोबर जायचाच. मी तुम्हाला तीनदा सांगाडा कापायला लावला तो यासाठी.

पहिल्या महायुद्धातली विमानं घाण्यावर काढलेल्या कोरड्या तेलावर उडत होती. पुस्तकात एरंडेल एवढंच लिहिलं होतं. कुठलं एरंडेल, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि माझ्या घरचं एरंडेल कसं निघतं हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. हे वाचून माझे विद्यार्थी मला विचारतील, सर, मग तुम्ही पाहत काय होता?

बुधवारी शाळा सुटल्यावर त्याच तेलाचं मिश्रण करून इंजिन लावलं. नाक वर धरलं, खाली केलं, पुन्हा वर धरलं. ते चालतच राहिलं. टाकी रिकामी झाल्यावरच थांबलं. मला काही वाटलं नाही. खरं सांगतो. उभा राहिलो, आणि मग मिश्रणाची बाटली बूच लावून ठेवली.

तुमच्यावर एक राग मात्र होता. मला वाटलं, तुम्ही आईला जपलंत, पण मला एका शब्दाने सांगितलं असतंत तर मी वेळेवर माफी तरी मागितली असती. शनिवारी तो राग घेऊनच लोधिवलीला गेलो. आई ओट्यावर एरंड्या निवडत बसली होती. तुमचं तिला कळलं होतं.

"आता त्येंच्या विमानाला नगं ना त्याल," ती म्हणाली. "तरी करून ठिवते. हात लागलाय तर."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. तेलातलं पाणी, टाकी, तुम्ही वहिनींना कढवायला लावलं ते, तिला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलात ते. तिने सूप बाजूला ठेवलं.

"पानी र्‍हायलं व्हय? मंग सांगायचं की रं! पुन्यांदा कढवून दिलं आसतं. त्यात वाईट काय वाटायचं? मी काय शाळा शिकल्ये?"

ती पुन्हा सूप पाखडायला लागली.

भिकूभाऊ, तुम्ही माझ्या आईला एकदाच भेटलात, कर्जतच्या बाजारात, पाच मिनिटं. तेवढ्यातही ती कशी बाई आहे हे तुम्हाला कळलं असणार. असल्या गोष्टीने तिला काही होणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं. वाईट वाटणारा माणूस दुसराच होता. त्याने शंभर माणसांत तुम्हाला शास्त्र शिकवलं होतं, आणि त्याचं शास्त्र चुकलं हे त्याला कळू न देता तुम्हाला ते विमान उडवायचं होतं. वाईट कुणाला वाटेल ते नाव तुम्ही वहिनींनाही खरं सांगितलं नाहीत. आईचं सांगितलंत.

आता राग उरला नाही. त्याच्या जागी काय आहे ते मला अजून नीट कळत नाही. पाय बधिर झाल्यावर आपण त्यावर उभे राहतो, पण पाय आहे की नाही हे हाताने चाचपावं लागतं, तसं काहीसं आहे. एक भांडण मात्र राहिलं. ठिणगीचा दोष तुम्ही सांगत होतात, तोही खरा नव्हता. चांगलं कंडेन्सर तुम्ही उगाच फेकून दिलंत. हे तुम्हाला ऐकवायला मला फार आवडलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, "आन् तुमची टाकी, मास्तर?" मग तुम्ही तपकिरीची डबी पुढे केली असती.

आज चिटणीस लेख न्यायला आले. मी म्हणालो, अंकात नंतर घाला. येत्या रविवारी शेताच्या बांधावर सगळे जमणार असतील तर मी तो आधी स्वतः वाचून दाखवीन. मग विमान सोडू. त्यांनी उभ्याउभ्याच दोन पानं वाचली. चष्मा काढला.

"मास्तर, हे असं वाचू नका. गावात शिकवता तुम्ही. पोरंसुद्धा नावं ठेवतील. फार हसतील तुम्हाला."

मी म्हटलं, हसू द्या. तीन महिने ते चुकीच्या माणसाला हसत होते.